हिरवा पडदा

डॉक्टरीणबाईंनी हिरवा पडदा ओढून मला नीट तपासलं आणि हातमोजे काढताना त्या माझ्यावरच चिडल्या. "आजी, योनिमुखाशी गाठ आहे, तिची जखम झालीय. कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून तपासावा लागेल. लाजेपायी एवढं अंगावर काढायचं का?"

"लाज बाजूला ठेवूनच सांगितलं होतं," मी म्हणाले. "लघवीच्या जागी खाज सुटते, रात्र रात्र झोप नाही, असं आमच्या डॉक्टरांना गेल्या वर्षीच स्पष्ट बोलले. पाळी गेल्यावर कातडी कोरडी पडते, वयाचं आहे म्हणाले आणि मलम दिलं. पुढे रक्ताचा डाग दिसला तेव्हा परत गेले. तर म्हणे, पंच्याहत्तरी झाली, आता तिथे काय बघायचं. मलम तेवढं बदललं."

"आई, जाऊ द्या ना," सोबत आलेली सून पुटपुटली.

"का जाऊ देऊ?" साडी सारखी करत मी उठून बसले. "बाई, असाच पडदा त्यांच्याकडेही आहे. दोन्ही वेळा मी चपला काढून त्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिले. ते खुर्चीतून उठलेच नाहीत."