खांद्यावरचा हात

प्राचीने लॅपटॉपवरची विंडो हळूहळू अरुंद करत आणली. एका ठिकाणी फोटोची कड आत आली आणि उज्वला दिसेनाशी झाली.

“बास,” रणजीत म्हणाला. “इथंच.”

कोपरखैरण्याच्या त्या फ्लॅटमध्ये हौसेरावांच्या वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. या वेळी पत्रिका छापायची नाही, लिंक पाठवायची, असं त्यांच्या मुलाने, रणजीतने ठरवलं होतं. शेजारच्या विंगमधली प्राची वेबसाइटचीच कामं करते. स्क्रीन किती रुंद असला की पान कसं दिसेल, ते ती एक आकडा घालून ठरवते. आकड्याच्या वर कॉम्प्युटर, आकड्याच्या खाली मोबाइल.

फोटो हौसेरावांच्या बायकोने, शालनबाईंनी निवडलेला. मधे फेटा बांधून बसलेले हौसेराव, म्हणजे घरातले आप्पा, एका बाजूला त्या, मागे रणजीत, आणि दुसऱ्या टोकाला वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली लेक उज्वला. तिने जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून साताऱ्याकडच्या गावात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. “फोटो ह्योच लावायचा,” एवढंच शालनबाईंनी बजावलं होतं.

“मोबाइलवर पण अख्खा बसतो, दादा,” प्राची म्हणाली. “थोडा लहान दिसेल.”

“लहान नको. आप्पा मोठे दिसले पाहिजेत.”

“आणि उज्वलाताई?”

“ती ऑफिसात कॉम्प्युटरवर बघेल. तिथं आहे की ती. गाव बघणार मोबाइलवर. गावात कॉम्प्युटर एकच, ग्रामपंचायतीत. तो पण बंद.”

रणजीतला आपली युक्ती पसंत पडली होती. आईचा शब्द राहत होता, भावकीचाही राहत होता. सख्ख्या बहिणीला घरात ठेवून बाहेर काढायची इतकी शांत सोय त्याला आजवर मिळाली नव्हती.

प्राचीने आकडा टाकला. रणजीतने मोबाइलवर पान उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हा हात कुणाचा राहिला?”

आप्पांच्या खांद्यावर चार बोटं होती. त्या बोटांमागे कुणी नव्हतं.

“ताईंचा.”

“काढ ना मग.”

“काढला तर आप्पांचा खांदा पण जाईल.”

रणजीतने विचार केला. त्या खांद्याने तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली होती. तो काढणं बरं दिसलं नसतं.

“राहू दे. बोटांवरून कोण ओळखतंय.”

“दावा बरं मला,” म्हणत शालनबाई आतून आल्या. पदराला हात पुसून त्यांनी मोबाइल घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. एकदा त्यांनी त्या चार बोटांवर आपलं बोट ठेवलं, लगेच उचललं.

मग त्यांनी मोबाइल आडवा केला. नीट दिसेना झालं की त्या असंच करतात. कीर्तनंसुद्धा आडवीच बघतात.

फोटो रुंदावला. बोटांना मनगट आलं, मनगटाला हात आला, हाताला उज्वला आली.

रणजीतने प्राचीकडे पाहिलं.

“आडवा धरला की मोबाइल पण रुंद होतो,” प्राची म्हणाली. “ते सांगायचं राहिलं.”

“मग आकडा वाढव.”

प्राचीचा हात कीबोर्डवर गेला.

“ऱ्हाऊ दे गं पोरी,” शालनबाई म्हणाल्या. त्यांची नजर मोबाइलवरच होती. “रणजीत, लिंक धाडशील तवा खाली एक ओळ घाल. फोन आडवा धरून बघावा. आन् म्होरं माझं नाव लिव.”

“आई, भावकी काय म्हणेल?”

“मला म्हणंल. नाव माझं हाय की.”

रणजीतने मोबाइल घ्यायला हात पुढे केला. शालनबाईंनी दिला. आडवाच दिला.