चौदा खोल्यांची परीक्षा

“हा जॉइंट आहे की गाठ?” कमलेशने वायर जोरात ओढली. ती सुटली नाही. त्याने पुन्हा ओढली. तरीही सुटली नाही.

“नापास,” तो म्हणाला आणि कागदावर शेवटची फुली मारली.

रुपी हातात टेस्टर धरून तशीच उभी राहिली. खोडाळ्याबाहेर डोंगराच्या कडेला हे नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. तालुक्यात मोबाइलवर निरोप फिरला होता. पाच वायरमन कायमच्या नोकरीवर घ्यायचेत, आयटीआय झालेल्यांनी आपापली हत्यारं घेऊन यावं, परीक्षा जागेवरच होईल. रुपी सूर्यमाळहून उजाडायच्या आत निघाली होती. दिवाळी झाली की घरातले सगळे वीटभट्टीवर जाणार होते. ही नोकरी लागली असती तर यंदा तिच्या डोक्यावर विटा आल्या नसत्या.

चौदा जण आले होते. सुपरवायझर कमलेशने सकाळीच सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले. मग एकेकाला एकेका खोलीत नेऊन सोडलं. “कोणी कोणाशी बोलायचं नाही. नक्कल करताना दिसला की बाहेर!” भिंतीत पाइप बसवलेले होते, वायरची भेंडोळी जमिनीवर पडलेली होती. रुपीने भाकरीची पुरचुंडीही सोडली नाही. पंख्याचा पॉइंट, दोन दिवे, प्लग, अर्थिंग, सगळं केलं. बटण दाबलं तेव्हा दिवा लख्ख लागला होता.

“साहेब, दिवा तर लागला,” ती म्हणाली.

“दिवा काडी ओढली तरी लागतो. पोरींनी शिलाई शिकावी. चल, नीघ.”

फाट्यावर बाकीचे जीपची वाट बघत बसले होते. सगळेच नापास. नितीन तर दोन वर्षं ठाण्यात हेच काम करून आलेला. तो मान खाली घालून काडीने माती उकरत होता.

“तुला कुठली खोली व्हती?” रुपीने सहज विचारलं.

“सात नंबर.”

“नि तुला, वर्षा?”

“बारा.”

रुपीने एकेकाला विचारलं. कुणाचाच नंबर दुसऱ्यासारखा नव्हता. एक ते चौदा, एकही नंबर सुटला नव्हता.

“खोल्या किती हाय तिथं?”

“चौदाच,” नितीन म्हणाला, आणि त्याच्या हातातली काडी थांबली.

जीप आली. कुणीच चढलं नाही.

कमलेश व्हरांड्यात चहा पीत होता. सगळ्यांना परत आलेलं बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. “आता काय?”

“आमी नापास ना, साहेब?” रुपी म्हणाली. “मंग आमचं कच्चं काम भिंतीत कशाला? काढून टाकतो. उद्या कोनाला शॉक लागला त?”

नितीनने मेन स्विच बंद केला. जो तो आपापल्या खोलीत गेला. रुपीने बोर्डाचे स्क्रू सोडले आणि पकड वायरीला लावली.

कमलेश कप टाकून धावत तिच्या दारात आला.

“ए, हात लावू नको! काम एकदम पक्कं आहे, मी स्वतः बघितलंय!”

आपण पास झालो, हे रुपीला तेव्हा कळलं. तिने पकड आवळली आणि वायर कापली.