ठेवणीतला मोजा

मोजा सटकन वर चढला, तेव्हा सलूनवाल्याला आधी बरंच वाटलं.

एरवी सकाळी ही एक झटापटच असायची. तो पलंगावर पाय लांब करून पंख्याकडे बघत पडायचा. बायको हातात रबरी हातमोजे चढवून पायाच्या शिरांसाठी दिलेला तो जाड, आवळ मोजा टाचेवरून तसूतसूने वर ओढायची आणि ओढता ओढता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आज हूं नाही की चूं नाही.

“बघ, बसला ना शेवटी हात तुझा!” तो पंख्याकडे बघतच म्हणाला.

बायकोने मोज्याची कड चिमटीत धरून ओढली आणि सोडली. कड तशीच लोंबत राहिली.

बायकोचा तोंडपट्टा चालू असला की सगळं ठीक असायचं. ती गप्प झाली होती ती एकदाच, घोट्याजवळची जखम भरता भरत नव्हती तेव्हा. त्या दिवसांत गिऱ्हाइकं खुर्चीत बसायची, वास आला की काहीतरी काम आठवून उठून जायची. पुढे जखम भरली, तेव्हा नर्सने बजावलं होतं, “जखम बरी झालीय, शिरा नाही. मोजा आवळतोय तोवर पाय तुमचा. सैल पडला की लगेच नवा घाला.”

“अहो, हा मेलाय,” बायको म्हणाली. “नवा कुठाय?”

“कपाटात. असू दे ना ठेवणीतला. हा कुठे फाटलाय अजून?”

तिने असं काही बघितलं की तो पुन्हा पंख्याकडे वळला. कपाट करकरलं. इस्त्रीच्या शर्टांखालून खोका निघाला, चिकटपट्टीही न काढलेला.

जुना मोजा उतरला. नवा टाचेवरून कसाबसा गेला आणि पोटरीखाली अडला. तिने ओढला, दम घेतला, पुन्हा ओढला. पाय सुजून मोज्याच्या मापाबाहेर गेला होता. तिने तो हळूच परत काढून घेतला. शिव्या अजूनही नाहीतच.

“चढत नाही का गं?”

“थांबा जरा.” ती वाकून घोट्याच्या मागच्या बाजूला काहीतरी बघत होती.

“काय आहे?”

“तुम्हीच बघा.”

“मला नको दाखवूस.” दिवसभर आरशांपुढे उभा राहणारा हा माणूस, पण त्या जखमेनंतर स्वतःच्या पायाकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. “तूच सांग. डास चावला असेल. डासच आहे ना?”

ती उठली आणि त्याच्या दुकानाच्या पिशवीतून हातात धरायचा आरसा घेऊन आली. केस कापून झाले की हाच आरसा तो गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा. “मागून बघा साहेब, ठीक आहे ना?” म्हणायचा. गिऱ्हाईक धड न बघताच मान डोलवायचं.

बायकोने पायाखाली दोन उशा सारल्या आणि आरसा घोट्यामागे धरला.

“मागून बघा,” ती म्हणाली. “आणि नुसती मान डोलवू नका.”

बाहेरून कुणीतरी हाक मारली, “काय हो, दुकान उघडताय ना आज?”

त्याने पंख्यावरची नजर काढली आणि खाली पाहिलं. तपकिरी पडलेली कातडी दिसली. तिच्या मधोमध मसुराएवढी ओली जखम चमकली आणि आरशासोबत हलली. बायकोचा हात थरथरत होता. नीट दिसावं म्हणून त्याने तिचं मनगट पकडलं.

लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवताना कधी न हललेला हात होता तो. आरसा आणखीच थरथरू लागला.