पन्नासावी सही

"ताई, फक्त शेवटच्या पानावर सही करा. वाचायचं काही नाहीये," जितेश म्हणाला.

सुगंधाने बोंबलांची पाटी बाजूला सारली, ओले हात पदराला पुसले आणि संमतीचा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

पाली गावात वीस वर्षांपूर्वी एका संस्थेने लहान मुलांसाठी वाचनवर्ग चालवला होता. त्याचा दीर्घकालीन परिणाम मोजण्याचे काम आता जितेशकडे होते. वर्गातल्या पन्नास मुलांपैकी एकोणपन्नास जणांच्या सह्या तीन दिवसांत मिळाल्या होत्या. चार पानांच्या अर्जाला सरासरी अकरा सेकंद लागले होते. सुगंधाचे नववे मिनिट चालू होते. संस्थेच्या जेसल पार्कमधल्या कार्यालयाला अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता.

तिसऱ्या पानावर तिचे बोट थांबले.

"यात लिवलंय, माज्या पोरीचा फोटू तुमी कुठंबी छापनार."

"ते सगळ्याच अर्जांत असतं. कोणी वाचत नाही."

"माज्या आयनंबी न्हाय वाचला. अंगठा दिला. मंग सात वरसं तुमच्या क्यालेंडरवर मी व्हते. खाली लिवलेलं, 'अंधारातली मुलगी'." तिने उंबऱ्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या मनालीकडे पाहिले. "शाळंत पोरं मला अंधारी म्हनायची. माज्या हळदीतबी कोन तरी म्हनला."

"ताई, एका सहीसाठी माझा सगळा सर्व्हे अडतोय."

"मंग ही ओळ खोडा."

"छापील आहे ती. मला अधिकार नाही."

"मंग सही न्हाय. बोंबील घ्यायचं असंल तर बसा, भाऊ."

तिने अर्ज मूळ घडीवर दुमडून परत केला.

गल्लीच्या टोकाला दुचाकीवर बसून जितेशने टॅब उघडला. सही नसल्यास कारण नोंदवणे सक्तीचे होते. पर्याय तीन होते: गाव सोडले, मृत्यू, अर्ज वाचता आला नाही. पहिल्या दोन्हींना पुरावा जोडावा लागत असे. त्याने तिसरा निवडला.

अहवाल वेळेत गेला. निष्कर्ष समाधानकारक होता: एकोणपन्नास लाभार्थींनी चार पानी अर्ज काळजीपूर्वक वाचून संमती दिली; केवळ एका महिलेवर वाचनवर्गाचा कोणताही परिणाम आढळला नाही.