मेलेल्या मटकीचं बारसं

तपासनिसानं हौसाक्काच्या बियाण्याच्या पोत्यात यंत्र खुपसलं, तर ते "मृत, मृत" ओरडायलाच लागलं!

"आक्का, बियांवर कंपनीचा लेप नाही, म्हणजे कायद्यानं ही मटकी मेलेली. जाळावी लागणार."

आता खरं तर तो लेपच वर्षभरात बी मारून टाकायचा, दरसाल नवं घ्यायला लावायचा. म्हणून तर हौसाक्कानं आपलं बी एरंडेल चोळून राखेत जपलेलं. गावात जितं बी एवढंच उरलेलं!

तिनं खुंटीवरची ओली पुरचुंडी त्याच्यासमोर सोडली. आत नखाएवढे पांढरेशुभ्र मोड!

"परवा ह्याच पोत्यातली मूठभर भिजवली. मयताला आलाच आहात, तर बारसं बघून जा!"

यंत्र ओरडतच राहिलं, आणि हौसाक्का पोतं डोक्यावर घेऊन पेरायला निघालीसुद्धा.