समुद्रफुलाची पकड

"फुललंय का गं आज?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"फुललंय की आई! मस्त फुललंय," सून टाकीकडे बघत म्हणाली.

काचेपलीकडे फुललेलं काहीच नव्हतं. पिळून टाकलेल्या फडक्यासारखं समुद्रफूल दगडाच्या बेचक्यात पडलं होतं. रंग उडाला होता, टाकीला वास यायला लागला होता.

तसं ते फूल नव्हेच, जीव होता तो. दगडाला धरून बसायचं, मऊ बोटं हलवत राहायचं आणि जवळ येईल त्याला धरायचं, एवढंच काम देवाने त्याला नेमून दिलेलं. सासऱ्यांनी मत्स्यालयाच्या नोकरीत ते आयुष्यभर सांभाळलं. सासूबाई डबा घेऊन गेल्या की ते झाकण उचलून म्हणायचे, "घाल बोट. ओळख दाखवतं बघ!" पुढे सासूबाईंचे डोळे गेले, मग सासरे गेले आणि वर्ष उलटायच्या आत मत्स्यालयालाही टाळं लागायची वेळ आली. सासूबाईंनी तर जेवणच टाकलं होतं. सुनेने साहेबांच्या हातापाया पडून ते समुद्रफूल बादलीतून घरी आणलं. नवरा जहाजावर, घरात दोघीच.

शोभेच्या माशांच्या दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, टाकी कोरी आहे. पाणी मुरू द्या, काही महिने जाऊ द्या. घाई कराल तर हे टिकायचं नाही."

पण टाळं कुणासाठी थांबतं?

तेव्हापासून सासूबाईंची सकाळ टाकीपाशी उजाडायची. देवाचं नाव घ्यायचं, बाही वर सारायची, चाचपडत काठ धरायचा आणि बोट बुडवायचं. ती मऊ बोटं त्यांच्या बोटाला चिकटली की चेहरा असा उजळायचा, की समोर समई लावल्यासारखं वाटावं. "धरलं गं, धरलं!" मगच पहिला घास.

बाहेर काढलेलं बोट त्या जिभेला लावायच्या. "जरा जास्तच खारट लागतंय का गं?"

"अहो आई, समुद्राचं पाणी ते. त्यात काय साखर असणार?"

"तेही खरंच म्हणा." आणि दोघी हसायच्या.

सून जिवाचं रान करत होती. दिवा वेळेवर, पंप साफ, पाण्याची ऊब नेमकी. पाणी उडून पातळी उतरली की मीठ कालवून भर घालायची. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला साधं पाणी कसं पाजायचं?

मध्ये एकदा ते असंच आक्रसलं होतं. त्या दिवशी कचेरीत तिचं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी धास्तावून परतली, तर काय! हिरवंगार, टवटवीत. डावीकडच्या दगडावरून उजवीकडे जाऊन बसलेलं. ते हळूहळू सरकतं, हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंची बाही मात्र खांद्यापर्यंत भिजली होती.

"आई, टाकीत पोहायला उतरला होतात की काय?"

"तोल गेला गं जरा. म्हातारपण, दुसरं काय!"

सुनेने देवापुढे हात जोडले होते. आज मात्र हात जोडून काही होणार नव्हतं.

"आई, पाणी बदलायचंय. आज बोट नका घालू," ती कशीबशी म्हणाली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. ताट तसंच सारून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

भरलेल्या ताटाकडे बघवेना. घाई माझी, हट्ट माझा, आणि मामंजींची शेवटची खूण माझ्याच हातून गेली. याही परत अन्नाला शिवल्या नाहीत तर? तिने पायात चपला सरकवल्या आणि दुकान गाठलं.

"दादा, एक समुद्रफूल हवंय. असं बघा, म्हणजे..."

"हिरवं, टोकं जांभळी," दुकानदार म्हणाला आणि जाळी घेऊन वळलाही.

"तुमच्या बरं लक्षात राहिलं!"

"राहतं, ताई." तो मान खाली घालून पिशवीला गाठ मारत राहिला. मग त्याने विचारलं, "टाकीत भर कसल्या पाण्याची घालता?"

"खाऱ्या. अजून कसल्या?"

त्याने कपाळावर हात मारला. "अहो, पाणी उडतं, मीठ उडत नाही! ते तिथेच साठत जातं. भर नेहमी साध्या, शुद्ध पाण्याची घालायची. या वेळी तरी जपा."

तिला ते जिभेला लावलेलं बोट आठवलं. रस्ताभर तिला दुसरं काही दिसलं नाही.

घरी सासूबाई अजून तशाच पडून होत्या. तिने आवाज न करता मेलेला जीव उचलला, फडक्यात गुंडाळला, मनातल्या मनात सासऱ्यांची क्षमा मागितली. टाकीतलं पाणी उपसून दुकानातून आणलेलं, मापात मीठ कालवलेलं पाणी ओतलं. नवं समुद्रफूल दगडावर टेकवलं आणि ते दगड धरेपर्यंत काचेला कपाळ लावून बसून राहिली.

सकाळी सासूबाई आल्या. देवाचं नाव घेतलं, बाही सारली, बोट बुडवलं.

"धरलं," सासूबाई म्हणाल्या. बोट जिभेला लावून त्यांनी मान डोलावली. "पाणीही आज कसं छान झालंय."

"ओळखलं ना तुम्हाला?" सुनेचा आवाज कापत होता.

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि ओल्या हातात घट्ट धरला.

"रडू नकोस, पोरी. पकड चांगली आहे याची. मागच्या खेपेला मी आणवलं होतं ना, त्याला एवढा जोर नव्हता."