सॅमनचा सांगावा

"धरण तुम्ही बांधलंत, मासे तुम्ही संपवलेत, आणि आता आमच्या सणाचा मासाही तुम्हीच घेऊन आलात!" डेलोरेस आजी धरणाच्या अधिकाऱ्याला म्हणाली. ओरडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

समुद्रातून नदीत वर येणारा पहिला सॅमन मासा सगळ्यांनी घास घास वाटून खायचा आणि त्याची हाडं नदीत सोडायची, ही या काठावरच्या मूळ रहिवाशांची रीत. मग तो समुद्रातल्या भाऊबंदांना सांगावा देतो, की इथली माणसं मान ठेवतात, या. यंदा वसंत सरत आला तरी एकही मासा वर चढला नव्हता. म्हणून अधिकाऱ्याने टाकीत वाढवलेला सॅमन बर्फात घालून आणला होता.

"मासा तो मासाच, आजी. तुमचा सण अडायला नको."

"सण कुठं अडलाय? नदी अडलीय," आजीचा दीर हार्वे पुटपुटला.

तरी तिने तो भाजला. सगळ्यांनी घास घास खाल्ला. हाडं घेऊन ती पाण्यापाशी गेली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"साहेब, यानं जन्मात समुद्र पाहिला नाही. भाऊबंद याला ठाऊक नाहीत. हा जाऊन सांगावा देणार कुणाला? बोला ना, कुणाला?"